उजवा जबडा, उजवा कान आणि रात्रभर शिट्टी: कोल्हापुरात नक्की कुणाला दाखवायचं?

बखिया | ४ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३८. मंगळवार पेठेत राहते, घरीच ब्लाऊज शिवते. गेलं दीड वर्ष उजव्या कानाच्या अगदी पुढं दुखतंय. सुरुवातीला दाढच ठणकतेय असं वाटलं म्हणून दातांच्या डॉक्टरांकडं गेले. रूट कॅनल झालं, वर टोपी बसली, दुखणं जागच्या जागी. दुसऱ्या डॉक्टरांनी अक्कलदाढ काढायला सांगितली. तीही काढली. त्या दिवशी पाऊण तास आ वासून पडले होते. तेव्हापासून तोंड उघडताना जबड्यात टक्क वाजतं. एवढं मोठं की पंगतीत शेजारी बसलेल्या जाऊबाईंना ऐकू जातं. त्या मोजतात आणि हसतात.

कानाचं प्रकरण दिवाळीच्या सुमाराला सुरू झालं. बारीक शिट्टी. कुकरची नव्हे, जुने डबा टीव्ही लावल्यावर खोलीत जो सूर यायचा ना, तसली. दिवसा मशीनच्या घरघरीत कळत नाही. रात्री सगळं सामसूम झालं, उशीला डोकं टेकलं की हजर. तीन-तीन वाजेपर्यंत जागी असते आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या मापात चुका करते. परवा एका बाईचा गळा पाठीमागं दीड इंच जास्त खोल कापला. कापड पैठणीचं. पुढचं विचारू नका.

आता खरा वैताग. कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतून कान बघितला, पडदा चांगला आहे, मळ नाही, "तुमचं दुखणं कानाचं नाही, दातवाल्यांकडं जा." दातवाले म्हणाले, दात ठणठणीत आहेत, कानवाल्यांकडं जा. मग कुणीतरी मान सुचवली. मानेचा एक्स-रे काढला, थोडी झीज निघाली, पट्टा मिळाला, तो खुंटीला आहे. आता एका ठिकाणी सांगितलंय की तुमचा चावाच चुकीचा बसलाय, सगळे दात थोडे थोडे तासून घेऊ आणि चार दाढांना टोप्या घालू, म्हणजे कानसुद्धा थांबेल. निम्मी रक्कम आधी भरायची आहे. ह्यांचं म्हणणं, एकदाचं करून टाकूया. माझं मन होत नाही.

हा सांधा नक्की कुणाच्या हद्दीत येतो? कुणी यातून गेलंय का?

---

पेठेतला_पैलवान | ५ मार्च, सकाळी ६:१०

ताई, पैसे भरू नका. आधी दहा जणांचं ऐका.

माझं सांगतो. तालमीत असताना एका पठ्ठ्याचा खांदा हनुवटीवर बसला आणि जबडा वाकडा झाला. वस्तादांनी तोंडात अंगठे घालून बसवला, त्या काळी तसंच चालायचं, आता कुणी करू नका. तेव्हापासून डावीकडं टक्क वाजतंय, वीस वर्षं झाली. दुखत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वाजतंय ते वाजू दे, हात लावायचा नाही. मी मटण खातोय, ऊस सोलून खातोय. कान मात्र दोन्ही मोडलेत, भज्यासारखे, पण आतून ऐकू लख्ख येतं.

---

आजीचा_बटवा | ५ मार्च, सकाळी ९:२५

तिळाच्या तेलात लसणाच्या चार पाकळ्या कढवा, कोमट झाल्यावर दोन थेंब कानात. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात. शिट्टी आठ दिवसांत जाते.

---

कानोसा | ५ मार्च, सकाळी १०:०२

बटवाताई, रागावू नका, पण कानात तेल अजिबात नको. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जातं. आणि पडदा चांगला असेल तर तेल बाहेरच राहतं, शिट्टी तयार होते त्या जागेपर्यंत ते पोचतच नाही. दोन्हीकडून तोटाच.

बखिया, मी ६१ वर्षांचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या फेटलिंग शॉपमध्ये २७ वर्षं काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं तासतात ते खातं. कायद्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, आम्ही कानात कापूस घालून तिच्यावर बसायचो. दोन्ही कानांत शिट्टी आहे, रिटायर व्हायच्या आधीपासून. त्यामुळं या विषयात माझी पीएचडी झालीय असं समजा.

चार गोष्टी सांगा.
शिट्टी फक्त उजवीकडं आहे की दोन्हीकडं?
ती सलग आहे की नाडीसारखी ठोके देत येते?
फोन उजव्या कानाला लावला तर शब्द कमी कळतात का? चक्कर येते का?
दात घट्ट आवळले किंवा जबडा पुढं काढला तर सूर बदलतो का?

आणि मुख्य, कानाची दुर्बीण झाली म्हणताय, पण ऐकण्याची चाचणी झाली का? बंद खोलीत हेडफोन लावून "आवाज आला की बटण दाबा" ती. ऑडिओमेट्री. दुर्बिणीत पडदा दिसतो, ऐकू किती येतं ते दिसत नाही. माझा पडदा आजही आरशासारखा आहे आणि पलीकडच्या खोलीत बायको काय म्हणते ते कळत नाही. (यात थोडी सोयही आहे.)

---

दंतकथा | ५ मार्च, दुपारी २:५०

मी सांगलीत दातांचा डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणूनच घ्या.

कानाच्या भोकापुढं बोट ठेवून तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा, टीएमजे. कान त्याच्या भिंतीला भिंत लावून शेजारी. खालच्या जबड्याची गोटी आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेची एक छोटी गादी असते. ती पुढं घसरली की तोंड उघडताना गोटी उडी मारून तिच्यावर चढते. तोच टक्क. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तर पैलवानदादांच्या डॉक्टरांचं शंभर टक्के बरोबर. उलट आवाज एके दिवशी अचानक बंद झाला आणि तोंडच कमी उघडायला लागलं, तर मात्र थांबायचं नाही. म्हणजे गोटीला गादीवर चढताच येत नाहीये.

पण बऱ्याच जणांचं दुखणं सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवून दात आवळा, जो टरारून फुगतो तो मॅसेटर. हा थकला की कळ दाढेत पाठवतो. दाढ बिचारी निर्दोष असते आणि तिचं रूट कॅनल होतं. आमच्या धंद्यातलं हे पाप मी कबूल करतो.

कानाशी संबंध काय? कानातल्या तीन हाडांपैकी दोन, हातोडा आणि ऐरण, गर्भात जबड्याच्याच कमानीतून घडतात. हातोड्याला ओढून धरणारा इवलासा स्नायू आणि आपले चावायचे स्नायू एकाच नसेवर चालतात, ट्रायजेमिनल. मेंदूत या नसेचे धागे ऐकण्याच्या केंद्रापर्यंतही जातात. म्हणून काहींची शिट्टी दात आवळल्यावर चढते. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-घशाच्या डॉक्टरांनी कानाच्या तक्रारी आणि जबडा यांचा संबंध मांडला. त्यांनी दिलेलं कारण असं की दाढा पडल्या की चावा खाली बसतो आणि सांधा मागं दाबला जातो. ते कारण पुढच्या तपासण्यांत टिकलं नाही. पण "चावा दुरुस्त करा, कान बरा होईल" ही विद्या तिथून जी सुरू झाली ती काही ठिकाणी अजून चालू आहे. तुम्हाला जे सुचवलंय ते त्याच घराण्यातलं. तासलेला दात परत उगवत नाही एवढं लक्षात ठेवा.

आता माझे प्रश्न. तुमचीच मधली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये मावतात का? सुपारी, मावा काही? (सगळ्यांनाच विचारतो, रागावू नका. सुपारीनं गालाची आतली कातडी पांढरी, ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. तो वेगळा आजार आहे, पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो. सांध्याचे उपचार करत बसलं तर वेळ हातचा जातो.) आणि तिसरा: शिवता म्हणालात. दोरा कशानं तोडता?

---

बखिया | ५ मार्च, रात्री १०:१५

दंतकथा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा माझ्या तोंडात दोन टाचण्या होत्या.

दोरा दातानंच तोडते. उजव्या बाजूनं. बाविसाव्या वर्षापासून. हूक लावताना, तुरपाई करताना, लेस लावताना, दिवसाला किती वेळा ते मोजायचं धाडस नाही. कात्री शेजारीच असते, ती कापडासाठी, दोऱ्यावर धार घालवायची नाही असं आईनं शिकवलंय. कात्रीची धार जपली आणि जबडा घालवला.

बोटं दोनच मावतात, तिसरं घातलं की कळ. सुपारी नाही. कानोसाकाका, शिट्टी फक्त उजवीकडं, सलग. ठोके नाहीत, चक्कर नाही. फोन डावीकडंच लावते, कधीपासून ते आठवत नाही. आणि आत्ता दात आवळून बघितले, सूर चढतो! आधी वाटलं भास असेल, तीनदा करून बघितलं. हे काय गौडबंगाल आहे?

ऐकण्याची चाचणी झालेली नाही.

---

अनुस्वार | ५ मार्च, रात्री १०:३१

म्हणजे धागाकर्तीनं धागा दातानं तोडला म्हणून हा धागा निघाला. हलकेच घ्या.

---

कानोसा | ५ मार्च, रात्री १०:४८

चौथ्या चाचणीत पास झालात. पण एकाच कानातली शिट्टी आहे, म्हणून ऑडिओमेट्री आधी. एका बाजूचं ऐकणं कमी निघालं तर डॉक्टर कदाचित एमआरआय सांगतील. ऐकण्याच्या नसेवर क्वचित साधी, कॅन्सरची नसलेली गाठ असते, ती नाही ना एवढं बघायला. घाबरायचं नाही, पण "जबड्याचंच असणार" म्हणून टाळायचंही नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घसा विभाग आहे, केसपेपर काढून जा, रांगेची तयारी ठेवा.

हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: एखाद्या सकाळी उठलात आणि एका कानानं ऐकूच येईना, तर सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी कानाचा डॉक्टर. स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. आमच्या खात्यातल्या एकानं महिनाभर वाफ घेतली. तो कान गेला तो गेलाच.

---

मिरजकर | ६ मार्च, सकाळी ८:२०

कोल्हापुरातून मिरजेला या की, रेल्वेनं सोपं पडतं. सांगलीत दातांची कॉलेजं आहेत, तिथं ओरल मेडिसिन नावाचा विभाग असतो, दात सोडून तोंडाचं बाकी सगळं तिथं बघतात. मी तिथंच बरा झालो. जबड्याचा मोठा एक्स-रे काढतात, ओपीजी. त्यात हाड दिसतं, गादी दिसत नाही. मी आधी हट्टानं एमआरआय करून घेतला होता. गादी सरकलेली दिसली, उपचार तेच राहिले.

---

अनुस्वार | ६ मार्च, सकाळी ११:०५

आता गंभीरपणे. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना छापल्या. जोरदार शिफारस कशाची? जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, थेरपिस्टच्या हातून सांध्याची हालचाल, स्नायूंच्या दुखऱ्या गाठी दाबणं, देखरेखीखाली बसण्याउठण्याची ढब सुधारणं आणि कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायची बोलण्याची थेरपी. आणि दंतवैद्य मंडळी ज्यावर जगतात ती स्प्लिंट, रात्री दातांवर घालायचं कवच? तिच्या विरुद्ध सौम्य शिफारस. बोटॉक्सच्याही. दंतकथा, बोला.

---

दंतकथा | ६ मार्च, दुपारी ३:१५

बोलतो. वाचलंय. सौम्य शिफारस म्हणजे सरसकट देऊ नका, पेशंटशी बोलून ठरवा. जो झोपेत दात खातो, ज्याचे दात झिजून सपाट झालेत, त्याला मी स्प्लिंट देतो, दात वाचवायला. दुखणं थांबेल असं वचन देत नाही. काहींना सकाळचा ताठरपणा कमी वाटतो, काहींना काहीच फरक नाही. माप घेऊन बनवलेली, काढता-घालता येणारी असावी. ऑनलाइन मिळणारी मऊ रबरी आणू नका, काही जण ती रात्रभर च्युइंगमसारखी चघळतात.

आणि हो, पंधरा वर्षांपूर्वी मी प्रत्येकाला स्प्लिंट द्यायचो. आता आधी फिजिओकडं पाठवतो. एवढं पुरे?

---

अनुस्वार | ६ मार्च, दुपारी ३:२२

पुरे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

बखिया | ६ मार्च, रात्री ११:५०

ह्यांना सगळा धागा वाचायला दिला. दात तासायचं रद्द. पण रात्रीचं काय करू? चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर झोप हवी. मेडिकलवाला झोपेची गोळी देतो म्हणाला, शिवाय गिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूल.

---

कानोसा | ७ मार्च, सकाळी ५:४०

दोन्ही घेऊ नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संस्थेनं २०१४ च्या सूचनांतच गिंको सुचवू नये म्हटलंय. पैसे वाचवा, दूध कट्ट्यावर दूध प्या.

शिट्टीचं असं आहे की तिला शांतता आवडते. आतल्या कानाकडून आवाज कमी आला की मेंदू रेडिओचा व्हॉल्यूम वाढवल्यासारखं करतो, मग नुसती खरखर ऐकू येते. म्हणून खोली गप्प ठेवायचीच नाही. पंखा लावा. थंडी असेल तर तोंड भिंतीकडं करून लावा. मी मोबाइलवर पावसाचा आवाज लावतो, शिट्टीपेक्षा जरा खाली. तिला दाबून टाकायचं नाही, शेजारी आणखी एक बसवायचा. आणि रात्री उठून "आहे का अजून?" म्हणून तपासायला जायचं नाही. मी दोन वर्षं रोज तपासली, ती रोज हजर.

डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन वगैरे रोज खात असाल तर डॉक्टरांना सांगा. जास्त डोसनं कानात आवाज येतो.

---

बखिया | २८ मार्च, रात्री ९:३०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना आधी नमस्कार.

ऑडिओमेट्री झाली. डावा कान चांगला. उजव्यात ४००० हर्ट्झला छोटी खाच आहे. डॉक्टरांनी विचारलं, मोठ्या आवाजात राहता का? मशीनचा एवढा नाही. मग आठवलं, गणपतीत आमच्या दारावरून मिरवणुका जातात आणि मी दोन वर्षांपूर्वी डॉल्बीच्या भिंतीपासून पाच हातांवर लेकीला कडेवर घेऊन उभी होते, उजवा कान तिकडं. त्या रात्री कान बधिर झाला होता, सकाळी उघडला म्हणून विसरले. दोन्ही कानांत फरक आहे म्हणून एमआरआय सांगितला. नळकांड्यात ती वीस-पंचवीस मिनिटं, बाहेर ठोकाठोक चाललेली. रिपोर्ट स्वच्छ. सहा महिन्यांनी चाचणी परत.

जबड्यासाठी फिजिओथेरपिस्ट मिळाल्या, राजारामपुरीत. पहिल्या दिवशी त्यांनी हातमोजा घालून तोंडातून गालाचा स्नायू दोन बोटांत धरला आणि दाबला. मंडळी, रूट कॅनल झालेली दाढ ठणकली! जशीच्या तशी तीच कळ. त्या म्हणाल्या, ही बघा तुमची दाढ. मला रडूच आलं. दुखल्यामुळं कमी, त्या दाढेच्या खर्चामुळं जास्त.

घरी करायचं एवढंच. कोमट ओला टॉवेल गालावर पंधरा मिनिटं. जीभ टाळूला चिकटवून, ती न सोडता जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडायचं, सहा वेळा, दिवसातून सहादा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. आणि सगळ्यात अवघड: ओठ मिटलेले, दात सुटे. मला इतकी वर्षं वाटायचं की तोंड मिटलं म्हणजे दात एकमेकांवर टेकलेलेच असतात. मशीनच्या सुईसमोर लाल टिकली चिकटवलीय, ती दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी बघेल तेव्हा आवळलेले.

---

पेठेतला_पैलवान | २८ मार्च, रात्री ९:४४

नाद खुळा ताई! जेवणाचं काय?

---

बखिया | २८ मार्च, रात्री ९:५८

विचारू नका भाऊ. पांढऱ्या रश्श्यात भात कालवून. मटणाचे तुकडे ह्यांच्या ताटात. भडंग बंद, ऊस बंद, भाकरी दुधात कुस्करून. परवा मिसळीच्या दुकानात पाव कटात भिजवून खात बसले होते, शेजारचे आजोबाही तसंच खात होते. त्यांना दात नव्हते.

---

आजीचा_बटवा | २९ मार्च, सकाळी ८:०५

तेलाचं मागं घेते. ओल्या टॉवेलनं शेकायचं आमच्याही घरी होतं, तेवढं मात्र आमचं धरा.

---

बखिया | १९ जुलै, रात्री १०:२०

बऱ्याच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले म्हणून शेवटचं लिहिते.

तिन्ही बोटं मावतात. टक्क अजून आहे, पण दुखत नाही, जाऊबाईंनी मोजणं सोडलंय. मध्ये लग्नसराईत कामाचा गराडा पडला, टिकलीकडं बघायला वेळ नाही, तेव्हा आठवडाभर परत ठणकलं. स्प्लिंट घेतली नाही.

शिट्टी आहे. आत्ता लिहिताना ऐकू येतेय. जबडा मोकळा झाल्यावर तिचा वरचा सूर उतरला, खालचा राहिला. पंखा लावून झोपते, बहुतेक रात्री लागते झोप. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोप फारच बिघडली तर समुपदेशकाकडं पाठवेन, कर्णनादासाठी सगळ्यात जास्त पुरावा त्या बोलण्याच्या थेरपीलाच आहे. अजून गेलेले नाही.

दोऱ्यासाठी चिमट्यासारखी छोटी कात्री आणलीय, नाड्यानं मशीनला बांधून ठेवलीय. आई आली होती, म्हणाली दोऱ्याला वेगळी कात्री, काय ही थेरं.

---

कानोसा | २० जुलै, सकाळी ५:३५

गणपती जवळ आलेत. मिरवणुकीला इयरप्लग, लेकीलाही.

---

बखिया | २० जुलै, सकाळी ७:१०

आणलेत काका. चार जोड. एक जाऊबाईंना.

---

नवखा_सांगलीकर | २ ऑगस्ट, रात्री १२:१५

अख्खा धागा वाचला. माझाही डावा कान, डावा जबडा, आणि मला दात आवळल्यावर सूर चढतो. मी सोनारकाम करतो, फुंकणी दातात धरतो. त्या फिजिओंचा पत्ता मिळेल का?

---

बखिया | २ ऑगस्ट, सकाळी ६:५०

व्यनि केलाय. पण आधी ऑडिओमेट्री. आणि फुंकणी दातात नको, ओठांत धरा.